पल्याड

सरिता जाऊन तीन महिने आणि वर काही दिवस झाले होते, आणि सकाळी पावणेसहाला तिचा फोन वाजला. एकदाच. एक घंटी झाली आणि फोन गप्प झाला. तिचा नवरा प्रेमदास स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होता. त्याचा हात साखरेच्या डब्यावर होता तसाच थांबला. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरी केलेला माणूस, एक घंटी कुठेही वाजली की त्याचं अंग उभं राहायचं. देवळात, शाळेत, दुसऱ्याच्या सायकलीला. एक घंटी म्हणजे गाडी थांबव, दोन म्हणजे सोड. डोक्याला कळायच्या आधी ते अंगाला कळायचं. मग त्याच्या लक्षात आलं की घंटी खिडकीतून आली आहे. आदल्या संध्याकाळी मेघानं, त्याच्या मुलीनं, नागपूरहून सांगितलं होतं की आईच्या फोनमधले फोटो मला पाठवा, म्हणून त्यानं तीन महिन्यांनी तो फोन कपाटातून काढून खिडकीत चार्जिंगला लावला होता आणि तसाच चालू ठेवून झोपला होता. त्यानं चष्मा लावून पाहिलं. पडद्यावर नाव होतं, पल्याड. त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. पल्याडच होतं. भूतखेत मानणारा तो नव्हता, लहानपणापासून विहारात बसलेला माणूस. पण हा शब्द आणि हा फोन एकत्र पाहून तो खिडकीपासून एक पाऊल मागे सरला. आधण उकळून अर्धं झालं. चारेक मिनिटांनी फोन पुन्हा वाजला, या वेळी दोनदा, आणि बंद झाला. दोन घंट्या झाल्या तसा तो सुटला, त्यानं साखर टाकली, दूध टाकलं. चहा गाळताना त्याला भीती वाटत नव्हती. त्याला राग आला होता. ती घंटी त्याची होती.

घंटीचं असं होतं की लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तो ड्यूटीवर निघाला आणि सरितानं आतून ताटलीवर चमचा वाजवला, टण्ण, एकदा. तो दारात थांबला. ती हसत डबा घेऊन आली, त्याच्या हातात दिला, परत आत गेली आणि दोनदा वाजवलं. तेव्हापासून बत्तीस वर्षं त्यांच्या घरात तेच चाललं. एक वाजली की थांबा, काहीतरी राहिलंय, मी सांगते. दोन वाजल्या की झालं, जा. मेघाला शिकवलं नव्हतं, पण तिलाही कळायचं. पाहुणे आले की सरिता हळूच वाजवायची, तो बोलता बोलता थांबायचा, म्हणजे साखर संपली आहे. नवराबायकोत जे बोलायचं असतं त्यातलं बरंच त्यांचं असंच झालं. तोंडानं तो कमीच बोलायचा, दिवसभर गाडीत ओरडून त्याचा घसा घरी येईपर्यंत उरायचाच नाही. आणि ही घंटी कोणाला तरी दिली होती तिनं. फोनमध्ये शोधताना त्याची बोटं नीट चालत नव्हती. पण सापडलं. रोज सकाळी, पल्याड. आलेला एक, गेलेला एक. चार मिनिटांनी पुन्हा आलेला एक, गेलेला एक. तो बोट वर सरकवत गेला, उन्हाळा गेला, थंडी गेली, पुन्हा उन्हाळा, आणि यादी संपायला तयार नव्हती. एकाही फोनवर एक शब्द बोलणं झालेलं नव्हतं. बोलणं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. बोलणं काय, कोणाशीही होतं.

सरिताला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, रोज पाऊण तास भरभर चाला. ती चालायला लागली, आणि वर्षभरात चालता चालता पळायला लागली. बावन्नाव्या वर्षी, सलवार-कुर्ता आणि मेघानं पाठवलेले बूट घालून. हिंगणीत हे नवीन होतं. पोरं मोटरसायकलवरून ओरडत जायची, मावशे, बस निघून गेली का. चमकणाऱ्या पट्ट्यांचं हिरवं जाकीट मेघानंच पाठवलं होतं, कारण त्या वेळी रेतीचे टिप्पर एकाच दिव्यावर येतात. ते घातलं की बाया म्हणायच्या, सरिताबाई रोडच्या कामावर लागली. म्हणून ती रस्ता सोडून नहरेच्या काठानं जायला लागली, धरणाच्या बाजूला, दोन किलोमीटरवरच्या पाणी सोडायच्या गेटापर्यंत. नहरेवर टिप्पर नव्हते, पण कुत्री होती, डुकरं होती, आणि एकदा ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटलेला सगळ्या गावानं जाऊन पाहिला होता. प्रेमदासनं तिला सांगितलं होतं, घरच्या अंगणात फिर. ती म्हणाली, अंगण अठरा पावलं आहे, मी काय बैल आहो घाण्याचा. ती हातात काठी घ्यायची, गळ्यात शिट्टी अडकवायची, कमरेला एक छोटी थैली बांधायची, आणि निघताना झोपलेल्या नवऱ्याला सांगायची, गेटापर्यंत जाऊन राह्यली, साडेसहाले येतो. तो हुं म्हणायचा. तिनं काय सांगितलं ते त्यानं कधी ऐकलं नाही.

सुरुवातीला ती त्यालाच मिसकॉल द्यायची. हे त्याला तिसऱ्या दिवशी आठवलं, चप्पल घालताना, आणि तो एक पाय चपलेत घालून तसाच उभा राहिला. गेटाजवळ पोचली, दम घ्यायला थांबली की एक. पुन्हा निघाली की दोन. म्हणजे मधेच कुठे काही झालं तर घरच्याला कळावं, कुठवर ती बरी होती. चार-पाच दिवस झालं असेल असं. तो नुकताच रिटायर झालेला, पहाटे साडेचारची पहिली गाडी इतकी वर्षं केलेला, झोपेचा भुकेला. एका सकाळी ती घरी आल्याबरोबर तो म्हणाला होता, काऊन वाजवून राह्यली रोज रोज? तिथं काय होते तुले? मी चौकीदार आहो का? आणि तिच्या देखत त्यानं फोनचा आवाज बंद करून उशीखाली टाकला होता. तिनं बूट काढले, पाणी प्यायली. त्याला वाटलं होतं, विषय संपला.

आता त्याला सगळंच वेगळं आठवायला लागलं. ती पहाटेच्या अंधारात केस विंचरून निघायची. अंधारात, कुत्र्या-डुकरांसाठी, कोण केस विंचरतं? ती परत यायची तेव्हा तोंड लाल झालेलं असायचं, आणि ती पोळ्या करता करता गुणगुणायची. तो समजायचा, पळून आलं की माणसाला असं होत असेल. एकदा जेवताना म्हणाली होती, आज त्या काठावर मोर होता, पिसारा ओढत चालला होता, आमी दोघंही थांबलो. त्यानं विचारलं नव्हतं, दोघं कोण. तिनं कदाचित सांगितलंही असतं. जेवताना, वरणात लिंबू पिळताना, तिनं ते इतकं सहज म्हटलं होतं की त्यात लपवायचं काही नव्हतं असं एखाद्याला वाटावं. आणि प्रेमदासला आता वाटत होतं की न लपवता सांगितलं हेच सगळ्यात वाईट. तिची कमरेची थैली त्यानं खुंटीवरून काढून पलंगावर उपडी केली. शिट्टी. खडीसाखरेच्या दोन पुड्या, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, कारण शुगर अचानक उतरली तर तोंडात टाकायला काही हवं. आणि घडी घातलेला एक कागद, तिच्या गोल अक्षरात, नाव, गाव, शुगर आहे, रक्तगट, आणि खाली, काही झाल्यास मालकाला कळवावे, प्रेमदास, आणि त्याचा नंबर. तो कागद त्यानं बराच वेळ हातात धरला. मेल्यावर फोन मले, आणि जिवंत असताना त्याले, असं तो मोठ्यानं बोलला. घरात कोणी नव्हतं. मग त्यानं पुन्हा पुड्यांकडे पाहिलं. दोन का? तिला तर एक पुरली असती.

चौथ्या दिवशी तो नहरेवर गेला, फिरायला नाही, पाहायला. बाभळीआड उभा राहिला, तिचा फोन शर्टाच्या खिशात. नहरेच्या दोन्ही अंगांना काठ, मधे पाणी, पंधरा-वीस हात रुंद असेल. उजाडत होतं. त्या काठानं पांढरा शर्ट घातलेला एक माणूस येत होता, एका पायानं जरा फेंगडा चालत, पण भरभर. गेटापाशी आला, कठड्याला टेकला, खिशातून फोन काढला, आणि प्रेमदासच्या छातीवर घंटी वाजली. महादेवराव. बाजारातला किराणावाला महादेवराव, ज्याच्याकडून प्रेमदास वर्षानुवर्षं तेल-साबण आणत होता. तो माणूस गेटावर उभा राहून या काठाकडे पाहत होता, जिथं कोणी नव्हतं, आणि चार मिनिटांनी त्यानं पुन्हा फोन लावला, दोन घंट्या, आणि आला तसा परत गेला. तर असं होतं. ती या काठानं, तो त्या काठानं. बाईमाणूस आणि परका माणूस सोबत फिरले तर गाव बोलणार, म्हणून मधे नहर ठेवली होती. प्रेमदासला ते इतकं स्पष्ट दिसलं की त्याला डोळे मिटावे लागले. हिरवं जाकीट या काठावर, पांढरा शर्ट त्या काठावर, बरोबरीनं, न बोलता, शेकडो सकाळी. त्यानं सरितासोबत बाजारापर्यंत तरी कधी बरोबरीनं पावलं टाकली होती का? तो नेहमी चार पावलं पुढं असायचा. सरिताच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी महादेवराव आला होता हेही त्याला आठवलं. मागे सतरंजीच्या कोपऱ्यावर बसला होता, जेवला नाही, कोणाशी बोलला नाही, उठून गेला. प्रेमदासला तेव्हा वाटलं होतं, दुकानदार आहे, गिऱ्हाईकाच्या घरी तोंड दाखवायला आला. जेवला नाही ते त्याच्या जातीला धरून. आता त्याला कळलं की घास उतरत नव्हता म्हणून जेवला नाही, आणि हे कळल्यावर त्याला त्या दुसऱ्या कारणाचाच हेवा वाटला, की या माणसाच्या घशाखाली घास उतरू नये एवढं माझ्या बायकोनं त्याला दिलं होतं.

त्याच दिवशी तो दुकानात गेला, गरज नसताना साबणाची वडी घेतली. महादेवराव त्याच्याकडे न पाहता म्हणाला, मेघा बरी आहे ना? शेंदरी रंगाचा फोन गल्ल्यावर पडला होता. प्रेमदास म्हणाला, बरी आहे, आणि वडी घेऊन आला. तिथं तो काहीही विचारू शकला असता. पण विचारलं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर आलं की ते त्या माणसाचं झालं असतं, त्याच्या जिभेवरचं. त्यापेक्षा फोन चार्ज करावा, खिडकीत ठेवावा आणि सकाळी ऐकावं, हे बरं. तो रोज पहाटे उठायला लागला. इतकी वर्षं झोपेसाठी भांडलेला माणूस साडेपाचलाच चहा ठेवून खिडकीशी बसायला लागला. एक घंटी. मग दोन. मधलं अंतर चार मिनिटं, फार तर पाच. त्याला कळून चुकलं की तो वाट पाहतो. शिव्या देत, पण वाट पाहतो. फोन वाजला की छातीत जळायचं, आणि दोन घंट्या झाल्या की दिवसाला सुरुवात करता यायची. मेघा फोनवर म्हणाली की बाबा, आईचा नंबर आता बंद करून टाकू, वर्षाचा रिचार्ज संपतच आला. तो म्हणाला, राहू दे. ती म्हणाली, काऊन? तो म्हणाला, असू दे.

अकराव्या दिवशी पावणेसहाला एक घंटी वाजली आणि दुसरी वाजली नाही. चार मिनिटं झाली, सहा झाली. प्रेमदासनं चहा संपवला. आठ. त्याला वाटलं, कंटाळला असेल. कोणी उत्तर देत नाही, किती दिवस वाजवेल माणूस. त्याला बरं वाटलं. मग वाटलं, पडला असेल, पडू दे. हे वाटलं ते त्यानं ऐकलंही, स्वतःच्या आत, स्वच्छ शब्दांत, पडू दे, गावात दुसरे लोक आहेत, त्याची बायको आहे, पोरगा आहे, मी कोण? आणि मग लक्षात आलं की कोणालाच माहीत नाही. त्या घडीला अख्ख्या हिंगणीत एकाच माणसाला माहीत होतं की महादेवराव गेटापर्यंत बरा पोचला आणि तिथून निघाला नाही. बारा मिनिटं झाली. प्रेमदास खिडकीशी बसून होता, दोन्ही हात मांडीवर, आणि त्याला जाणवलं की असं तो आधी बसलेला आहे, अगदी असंच. पडवीत, दुपारी दोन वाजता, वर्तमानपत्र मांडीवर. आत सरिता भांडी लावत होती. टण्ण. एकदा. ताटलीवर चमचा. तो उभा राहिला नाही, पण वाचायचा थांबला. कंडक्टरच तो, एक घंटी झाली की गाडी उभी राहते आणि दुसरी होईपर्यंत हलत नाही. त्याला वाटलं, काहीतरी राहिलं असेल, येऊन सांगेल. तो थांबला. शहाण्या माणसासारखा, बत्तीस वर्षांच्या सवयीनं थांबला. पंधरा मिनिटं. मेंदूत रक्त साकळलं होतं, डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी सांगता येत नाही. सांगता येत नाही. नहरेवर, अंधारात, वाघाच्या पंजावरून ती चार वर्षं सुखरूप येत-जात राहिली, आणि घरात, नवरा बारा पावलांवर बसलेला असताना गेली. चमचा तिनं मुद्दाम वाजवला की हातातून पडला हे त्याला कधीच कळणार नव्हतं. त्यानं कोणाला सांगितलंही नव्हतं, मेघाला सुद्धा.

खुंटीवरची थैली घेऊन तो निघाला तेव्हा सहा वाजून गेले होते. पळणं त्याला येत नव्हतं. आधी चालला, मग भरभर चालला, मग चप्पल फटफट वाजवत पळायला लागला, पोट हातानं धरून. टपरीवरचा तानबा ओरडला, कंडक्टरसाहेब, तुमी पण? पोरं हसली. तो थांबला नाही. तिच्या काठानं जाताना त्याला पहिल्यांदा तिचा रस्ता पायाखाली लागला. कुठे मूळ वर आलं आहे, कुठे उंदरांनी पोखरलं आहे. ती कुठे जपून पाऊल टाकत असेल हे त्याला ठेचकाळून कळत होतं, आणि समोरच्या काठावरच्या त्या माणसाला हे सगळं पाहून पाहून पाठ असेल, हाही विचार त्याला पळता पळता सुटला नाही. गेट दिसलं. महादेवराव त्या बाजूला कठड्याखाली बसला होता, पाय पसरून, मान एका अंगाला. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. गेटावर दोन काठांना जोडणारी लोखंडी फळी होती, हातभर रुंद. प्रेमदास तिच्यावरून आडव्या पावलांनी, खाली न पाहता, पलीकडे गेला. त्याला दिसलं की माणूस शुद्धीत आहे पण नजर ठरत नाही, हात थरथरत आहेत. सरिताची शुगर उतरायची तेव्हा ती अशीच व्हायची. त्यानं थैलीतून एक पुडी काढली, सोडली, आणि खडीसाखर त्याच्या तोंडात घातली, एकेक खडा, लहान मुलाला घालावी तशी. दोन का होत्या ते त्याला आता कळलं, आणि कळून आनंद झाला नाही.

बऱ्याच वेळानं महादेवरावच्या तोंडावर रंग आला. त्यानं प्रेमदासला ओळखलं, मग थैली ओळखली.

"तुमी ऐकत होते?" तो म्हणाला.

"अकरा दिवस झाले."

"तीन महिने बंद लागे. तरी मी लावो. गेट आलं का बोट जाते. मंग एक दिवस वाजला. मले तं घामच फुटला, बावा." तो थोडं हसला. "दुसऱ्या दिवशी वाटलं, कोनीतरी चार्ज करून राह्यलं."

प्रेमदासनं विचारलं, घरी का नाही लावत. महादेवराव म्हणाला की प्रमिलाले, त्याच्या बायकोले, घंटी ऐकूच येत नाई, कानाले मशीन लावते तं रात्री काढून ठेवते. हे त्यानं तक्रारीसारखं सांगितलं नाही. प्रेमदास पाण्याकडे पाहत होता. अकरा दिवस जो प्रश्न त्यानं तोंडात धरून ठेवला होता तो शेवटी बाहेर आला, आणि बाहेर आल्यावर फार लहान वाटला.

"काय बोलत होते तुमी दोघं?"

"काय बोलन? मधात पानी. ओरडून बोललो असतो तं गावभर झालं असतं." त्यानं ओठावरची साखर पुसली. "एकडाव पुसलं मी. पाटाले पानी नोतं तेव्हा. पुसलं का बाई, हे घंटीचं कुठून काढलं? म्हनल्या, आमच्या घरचं आहे. मालक ऐकत नाईत आता, झोपू द्या त्यायले, लय वर्सं उठले."

झोपू द्या हे तिनं रागानं म्हटलं असेल की मायेनं, हे महादेवरावच्या आवाजावरून कळत नव्हतं, आणि प्रेमदास पुन्हा विचारणार नव्हता. पण तिनं ते म्हटलं तेव्हा तिचं तोंड कसं होतं हे या माणसानं पाहिलं होतं, कोरड्या नहरेपलीकडून, आणि ते प्रेमदासला कधीच दिसणार नव्हतं. ते जळणं तसंच राहिलं. उरलेली एक पुडी त्यानं थैलीत परत ठेवली आणि चेन ओढली. महादेवरावनं त्या पुडीकडे पाहिलं होतं. प्रेमदासनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ती एक तो कोणाला देणार नव्हता.

मग त्यानं महादेवरावला काखेत हात घालून उठवलं. उठताना त्याचा फोन मातीत पडला. प्रेमदासनं उचलला आणि पडद्यावर त्याला ते नाव दिसलं, सगळ्यात वर, सकाळचा एक फोन. तो नाव वाचायला घाबरला होता, पण वाचलं. कंडक्टरीणबाई. गावात मास्तराच्या बायकोला मास्तरीणबाई म्हणतात तसं. सरिता नव्हतं, सरिताबाई नव्हतं. चार वर्षं ती या माणसाच्या खिशात प्रेमदासच्या नावानं वाजत होती. त्यानं फोन शर्टाला पुसला आणि परत दिला.

"चाला," तो म्हणाला. पण त्याचे पाय निघत नव्हते. महादेवरावचा हात त्याच्या खांद्यावर होता, दोघंही एकाच काठावर उभे होते आणि प्रेमदास खांबासारखा जागचा हलत नव्हता. महादेवरावनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याला समजल्यासारखं झालं.

"हो," तो म्हणाला. "एकच देल्ली होती. दुसरी रायलीच."

त्यानं अंगठ्यानं नंबर लावला. प्रेमदासच्या छातीवर तिचा फोन वाजला, एकदा, आणि पुन्हा एकदा, आणि बंद झाला. प्रेमदासनं पाऊल टाकलं.